मालकम पेठेचे मूळ रहिवासी

महाबळेश्वरच्या थंड हवेच्या ठाण्याचा इतिहास ज्यांनीं ज्यांनीं लिहिला, त्यांपैकीं बहुतेकांनीं तो १८२४ या सालापासून सुरू केला आहे. याचें कारण डोंगरावरच उभें आहे. लॉडविक पॉइंट या कड्यावर जनरल पीटर लॉडविक याच्या मुलानें १८७४ सालीं बापाच्या स्मरणार्थ सुमारें पंचवीस फूट उंचीचा स्तंभ उभारिला. या डोंगरावर पाऊल ठेवणारा पहिला युरोपियन तो लॉडविक, आणि येथील हवेचे गुण वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करून आरोग्यस्थान वसविण्यास कारण झाला तोहि तोच, असा त्या स्तंभावरील लेखाचा आशय आहे. मुलानें बापाविषयीं लिहिलेला हा मजकूर त्याच्या मर्यादेंत बरोबर आहे. ‘पहिला युरोपियन’ हे शब्द त्यानें जपून घातले आहेत. पुढील लेखकांनीं मात्र त्यांतील ‘युरोपियन’ हा शब्द हळूच गाळून ‘शोध’ हा शब्द पुढें आणिला, आणि ज्या डोंगरावर देवळें, वाटा, भट्ट्या व वाड्या होत्या तो जणूं निर्जन अरण्यांत सांपडला असें चित्र रूढ झालें. हें चित्र कितपत टिकतें हें पाहावें, व पेठ बसली ती कोणाच्या हातांनीं याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम क्षेत्राविषयीं. हल्लींच्या बाजारापासून तीन-साडेतीन मैलांवर जुनें महाबळेश्वर आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचीं उगमस्थानें येथें मानितात, आणि त्यामुळें या स्थळाचें माहात्म्य देशावर आणि कोंकणांत सारखेंच आहे. देवगिरीचा यादव राजा सिंघण यानें तेराव्या शतकाच्या आरंभीं येथें येऊन बांधकाम केलें अशी परंपरा आहे. परंपरेला पुराव्याचें वजन देऊं नये हें आम्हांस मान्य आहे. पण सतराव्या शतकांत उतरलें कीं परंपरेची गरज राहत नाहीं. वेदमूर्ति गोपाळभट बिन श्रीधरभट महाबळेश्वरकर यांजकडून शिवाजी महाराजांनीं मंत्रोपदेश घेतला, आणि त्यांस वर्षासन करून दिल्याचें पत्र १६५३ सालचें आहे. हें साल ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जावळी त्या वेळीं अद्याप मोऱ्यांकडे होती; ती महाराजांच्या हातीं आली १६५६ च्या आरंभीं. म्हणजे मुलूख दुसऱ्याच्या अमलांत असतांहि या डोंगरावरील एका भिक्षुक घराण्याचा लौकिक पुण्यापर्यंत पोंचलेला होता. पुढें १६६५ च्या जानेवारींत सूर्यग्रहणाच्या पर्वणीवर महाराजांनीं मातुश्री जिजाबाई व वृद्ध मुत्सद्दी सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली तीहि याच क्षेत्रीं. तुलेसारख्या समारंभास ब्राह्मण, मानकरी, शिबंदी, भोई, वाणी किती लागतात याचा ज्यांस अंदाज आहे, त्यांस या डोंगरावर येण्याजाण्याची व राहण्याची सोय होती हें निराळें सांगावयास नको.

मोऱ्यांचें घराणें सर्वांच्या परिचयाचें आहे, म्हणून त्याविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. चंद्रराव हा किताब पिढ्यान्‌पिढ्या चालवून विजापूरकरांच्या नांवानें, पण बहुतेक स्वतंत्रपणें, त्यांनीं जावळी राखिली. त्यांच्या कारभाराचें मर्म घाटवाटांत होतें. वाईहून डोंगरावर चढून रडतोंडीच्या घाटानें पारास उतरावें, आणि पारावरून महाडाकडे जावें, हा देश व कोंकण यांमधील जुना राबता मार्ग होय. १६५९ सालीं अफजलखानाची फौज वाईहून प्रतापगडाच्या पायथ्याशीं आली ती याच वाटेनें, आणि तिचा तळ पाराजवळ पडला. शांततेच्या काळीं वंजाऱ्यांचे बैल मीठ, नारळ, मासळी घेऊन हाच घाट चढत आणि धान्य व गूळ घेऊन उतरत. चढतांना माणसाचें तोंड रडवें होतें म्हणून घाट रडतोंडी! कोणा विनोदी बैलवाल्यानें दिलेलें हें नांव इंग्रजांच्या कानीं गेलें आणि त्यांच्या कागदांत ‘रोटंडा’ झालें. घुमटाच्या गोल इमारतीस त्या भाषेंत तें नांव आहे. येथें तर कोसावर गोल असें कांहींच नाहीं. नांवाचा असा अपभ्रंश झाला कीं पुढील पिढीस तें नांव मूळचेंच परकें वाटूं लागतें, आणि वाटेचा इतिहास नांवाबरोबर पुसला जातो.

आतां डोंगरावरील घराण्यांकडे वळूं. १८८५ सालीं छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत या लोकांविषयीं जी माहिती आहे, ती वाचून त्यांच्या हक्कांचें जुनेपण सहज लक्षांत येतें. महाबळेश्वराच्या देवळाकडे गुरव व कोळी या दोहोंचेहि वंशपरंपरागत हक्क आहेत. कृष्णेच्या देवळाकडील कोळ्यांस गंगापुत्र म्हणतात. यात्रेकरूंनीं स्नानाच्या वेळीं वाहिलेलें दान तें त्यांचें. महादेवाच्या देवळांत उत्पन्नाचा वांटा गुरव व कोळी दोघांकडेहि जातो. तीर्थक्षेत्रीं ब्राह्मण पुजाऱ्यांचे हक्क असावे यांत नवल नाहीं. पण डोंगरकोळ्याचा हक्क देवाच्या उत्पन्नांत जेथें निर्वेध चालत आला, तेथें तो कोळी क्षेत्राच्या आधींपासूनचा असला पाहिजे, असें अनुमान आम्ही करितों. कोणताहि पुजारी मागाहून आलेल्यास आपल्या ताटांतला घांस आपण होऊन देत नाहीं.

दुसरें घराणें, किंबहुना दुसरी जमात, धावडांची. धावड म्हणजे लोखंड गाळणारे. महाबळेश्वरच्या माथ्यावर जो जांभा दगड पसरलेला आहे त्यांत लोखंडाचा अंश पुष्कळ असतो. तो फोडून, रानांतील लांकडाचा कोळसा करून, मातीच्या भट्टींत भात्यानें फुंकून हे लोक लोखंड काढीत. धर्मानें ते मुसलमान. राहणींत शेजारच्या कुणब्यांहून फारसे निराळे नव्हेत. जावळीच्या खोऱ्यांत नांगराचे फाळ व कुऱ्हाडी यांस लागणारें लोखंड हाताशीं मिळे तें यांच्या भट्ट्यांमुळें. लॉडविक डोंगरावर चढला त्या काळीं या भट्ट्या पेटत होत्या. ज्या अरण्यांतून धूर निघतो, त्यास निर्जन म्हणण्याचें धाडस आम्हांस तरी होत नाहीं.

यांखेरीज उतारावर नाचणी व वरी पिकविणारे कुणबी आणि म्हशी राखणारे धनगर-गवळी हेहि डोंगराचे जुने धनी. पावसाळ्यांत येथें अडीचशें इंचांहूनहि अधिक पाऊस पडतो. त्यांत टिकाव धरणें हें ज्यांस साधलें, त्यांचेंच ज्ञान पुढें साहेब लोकांच्या बंगल्यांस उपयोगीं पडलें. पावसाचे महिने येण्यापूर्वीं घराच्या भिंती कोळंब गवताच्या जाड तट्ट्यांनीं झांकून घेण्याची येथील रीत. ती न पाळली तर एका पावसांत भिंत ढासळते. बंगले युरोपियन नमुन्याचे झाले, पण त्यांच्या अंगावरचें पावसाळी पांघरूण कुणब्यानेंच विणिलें.

येथवर पेठेच्या पूर्वीचा काळ झाला. पेठेची हकीकत थोडक्यांत अशी. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याच्या गादीवर बसविलें, आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें त्यांचें राज्य मर्यादित केलें. डोंगर त्या राज्यांत होता. साताऱ्याकडील पलटणींतला अधिकारी लॉडविक १८२४ सालीं वर चढला. त्याच्या मागून साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज यानें १८२६ सालीं वर एक झोंपडीवजा बंगला बांधिला, आणि साताऱ्यापासून वरपर्यंत गाडीरस्ता करण्याविषयीं महाराजांचें मन वळविलें. महाराजांनीं तो रस्ता केला. १८२७ च्या अखेरीस मुंबईच्या गव्हर्नरीवर आलेल्या सर जॉन मालकम यानें १८२८ सालीं आजारी गोऱ्या शिपायांकरितां येथें इस्पितळाचा प्रयोग करून पाहिला. प्रयोग यशस्वी झाला, आणि १८२९ सालीं कंपनी सरकार व महाराज यांमध्यें करार होऊन महाराजांनीं डोंगरावरील जागा कंपनीस दिली. तिच्या मोबदल्यांत कंपनीनें वाई प्रांतांतील खंडाळा हें गांव महाराजांस दिलें. (बोरघाटांतील खंडाळा तें निराळें; हें पुणें-सातारा रस्त्यावरचें.)

या हकीकतींत दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. पहिली रस्त्याची. थंड हवा डोंगरावर हजारों वर्षें होतीच. ती उपभोगण्यास अडचण चढणीची होती. मालकमचा प्रयोग झाला तो रस्ता तयार झाल्यावर. रोग्यांस डोलींतून, सामान गाड्यांतून वर नेतां आलें म्हणूनच इस्पितळ चाललें. ज्या रस्त्यानें पेठ शक्य झाली तो सातारच्या छत्रपतींच्या खजिन्यांतून आणि त्यांच्या रयतेच्या कुदळीनें झाला. तेव्हां मालकम पेठेच्या संस्थापकांत पहिलें नांव घालावयाचें तर तें प्रतापसिंह महाराजांचें घालावें लागेल.

दुसरी गोष्ट नांवाची. वसाहतीस मालकमचें नांव द्यावें ही इच्छा महाराजांची होती असें इंग्रजी कागद सांगतात. तें खरें असलें तरी ‘पेठ’ हा शब्द कोठून आला याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. इंग्रजांनीं डोंगरावर ज्या वसाहती केल्या त्यांस ते ‘स्टेशन’ किंवा ‘सॅनिटेरियम’ म्हणत. पेठ ही आपली संस्था. सरकारनें जागा आंखावी, वाणी-उदम्यांस कौल द्यावा, कांहीं वर्षें कर माफ करावा, आणि पेठेस राजाचें, देवाचें किंवा वाराचें नांव ठेवावें, ही मराठी राज्यांतील गांव वसविण्याची ठरीव पद्धति. पुण्या-साताऱ्याच्या पेठा अशाच बसल्या. त्या पद्धतींत वाढलेल्या राजानें नव्या बाजारास पाहुण्या गव्हर्नराचें नांव दिलें, तें आपण पेठ बसवीत आहों या समजुतीनें दिलें. कंपनीच्या मनांत वेगळें होतें. एकाच कागदाखालीं दोन पक्षांनीं सह्या केल्या, पण एकास ती पेठ दिसत होती आणि दुसऱ्यास ठाणें.

पेठेंत प्रथम येऊन राहिले ते वाई-साताऱ्याकडील वाणी, कासार, चांभार, परीट, भोई. आणि मुंबईकडून आलेले पारशी व बोहरी दुकानदार. मुंबईचा पाहुणा त्या काळीं गलबतानें बाणकोटास येई, सावित्रींतून महाडापर्यंत होडींतून जाई, व तेथून पालखीनें घाट चढे. म्हणून पारशाचें दुकान म्हणजे डोंगरावरील मुंबईच म्हणावयाची. विलायती डबे, मद्य, मेणबत्त्या यांचा पुरवठा त्यानें करावा, आणि दूध, कोंबडीं, गवत, सरपण यांचा आसपासच्या वाड्यांनीं. हंगाम संपून पहिला पाऊस लागला कीं साहेब उतरत, दुकानांस कुलपें लागत, आणि बरेच दुकानदार वाईस जात. बारमाही राही तो डोंगरचाच माणूस.

पेठेच्या घडणींत आणखी एक वर्ग होता, ज्याची आठवण बंगल्यांच्या इतिहासांत क्वचितच येते. १८३४ सालीं येथें सुमारें १२० कैद्यांकरितां तुरुंग बांधण्यांत आला. मलाक्का-सिंगापूरकडील इंग्रजी ठाण्यांतून जन्मठेपीवर पाठविलेले चिनी व मलायी कैदी यांत ठेवीत. मुंबईकडच्या उष्ण तुरुंगांपेक्षां थंड हवा यांस मानवेल असा विचार त्यामागें होता. ठाण्यांतील पुष्कळ रस्ते या कैद्यांनीं बांधिले. त्याहून मोठें काम त्यांनीं बागांत केलें. बटाटे व विलायती भाज्या या जमिनींत व्यवस्थेनें पिकवून दाखविल्या त्या त्यांनींच; वेताच्या टोपल्या व खुर्च्या विणण्याचा धंदाहि येथें त्यांच्यामुळें रुजला. १८६४ सालीं तुरुंग मोडला. कांहीं कैदी तेथेंच राहिले, त्यांनीं संसार मांडिले, आणि दोन पिढ्यांत ते आसपासच्या वस्तींत मिसळून गेले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तेव्हां सर्वत्र तिचें कौतुक झालें, आणि तें योग्यच झालें; परंतु या डोंगरावर विलायती बागाईत करून दाखविणारे पहिले हात बेड्यांतले होते, ही गोष्ट त्या कौतुकाच्या शेजारीं लिहून ठेविली पाहिजे. सरकारनें केलेला सिंकोन्याचा मळा मात्र लिंगमळ्यास पुष्कळ खर्च होऊनहि फसला आणि १८७५ च्या सुमारास सोडून द्यावा लागला. पगारी तज्ज्ञांस जें साधलें नाहीं तें कैद्यांस साधलें!

आतां ज्यांनीं रस्ता केला व जागा दिली त्या महाराजांचें काय झालें तें सांगणें क्रमप्राप्त आहे. करारास आठ वर्षेंहि लोटलीं नव्हतीं तोंच, १८३६ च्या ऑक्टोबरांत, शिपायांस फितविल्याच्या आरोपावरून त्यांची गुप्त चौकशी सुरू झाली. चौकशी करणारे तिघे: विलोबी, ओव्हन्स, आणि त्या वेळीं साताऱ्याचा रेसिडेंट असलेला लॉडविक. होय, तोच लॉडविक. बारा वर्षांपूर्वीं ज्या राजाच्या मुलखांत तो हवा खावयास चढला, ज्या राजाच्या रस्त्यानें त्याची कीर्ति झाली, त्याच राजाच्या निष्ठेचा निवाडा करावयास तो बसला. हा मनुष्य वाईट होता असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. नोकरीनें त्यास त्या खुर्चीवर बसविलें. पण स्तंभावरील लेखाबरोबर ही नोंदहि वाचली पाहिजे. १८३९ च्या सप्टेंबरांत गव्हर्नर कारनॅक यानें महाराजांस पदच्युत केलें, आणि त्यांची रवानगी काशीस झाली. रंगो बापूजींनीं विलायतेंत जाऊन वर्षानुवर्षें त्यांची बाजू मांडली. यश आलें नाहीं. १८४७ सालीं महाराज काशीसच वारले. सह्याद्रीच्या माथ्यावरील हवा दुसऱ्यांच्या रोग्यांकरितां मोकळी करून देणाऱ्या राजाच्या अखेरच्या वर्षांस गंगाकांठचा उन्हाळा आला.

त्यांच्या मागून गादीवर बसविलेले त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ सालीं वेण्णेचें पाणी अडवून तलाव बांधविला. हल्लीं लाखों प्रवासी ज्यांत नौका फिरवितात तो वेण्णा तलाव हाच. तेव्हां पेठेचा रस्ता एका छत्रपतींचा आणि पाणी दुसऱ्या छत्रपतींचें. १८४८ सालीं आप्पासाहेब निवर्तले, डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें, आणि ज्या डोंगराचा तुकडा १८२९ सालीं मोबदला देऊन घेतला होता त्याच्या भोवतींचा सगळा मुलूख मोबदल्यावांचून आला.

यानंतर नांवांची पेरणी जोरानें झाली. सिंदोळा होती तेथें विल्सन पॉइंट झाला. नाकेखिंडीस मालकमच्या मुलीवरून केट्स पॉइंट म्हणूं लागले. मढीमहालावर मुलकी अधिकारी आर्थर मॅलेट यानें घर बांधिलें, म्हणून सावित्रीच्या खोऱ्यावरील तो भयंकर कडा आर्थर सीट झाला. खुद्द लॉडविक पॉइंटहि पूर्वीं सिडने पॉइंट होता. १८३१ सालीं येथेंच मरण पावलेला सेनापति सर सिडने बेकविथ याच्यावरून तें नांव पडलें होतें. म्हणजे एका साहेबाचें नांव दुसऱ्या साहेबाच्या नांवाखालीं गेलें. तेथें सिंदोळ्याची काय कथा! पांच खेड्यांच्या मध्यें जॉन चेसन यानें वसविलेल्या पांचगणीचें नशीब या बाबतींत बरें. तिचें नांव तरी मराठी राहिलें.

धावडांच्या भट्ट्या या सगळ्या घडामोडींत विझल्या. रान सरकारी झालें, कोळशाकरितां झाड तोडण्यास बंदी आली, आणि घाटाखालून विलायती लोखंड स्वस्त येऊं लागलें. गॅझेटियर छापलें गेलें त्या सुमारास हे लोक मोलमजुरी व लांकूडतोड करून पोट भरीत होते. या रानांच्या रक्षणाचें महत्त्व आम्ही जाणतों. २००१ सालीं महाबळेश्वर-पांचगणीचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून जाहीर झाला तेंहि उचितच झालें. मात्र रान राखलें गेलें त्याची पहिली किंमत कोणीं दिली, हें धावडांच्या विझलेल्या भट्ट्यांवरून कळतें. माथ्यावर कोठें कोठें लोखंडाची मळी अद्याप पायांखालीं येते. ती जेथें जेथें सांपडेल त्या जागा नकाशावर टिपून ठेविल्या पाहिजेत.

क्षेत्र महाबळेश्वरांतील पुजारी व गंगापुत्र मंडळी, जावळी खोऱ्यांतील पाटील, आणि मालकम पेठेच्या बाजारांत तीन-चार पिढ्या असलेले दुकानदार यांच्या घरीं हक्कांचे महजर, वांटण्यांचे कागद, जमाखर्चाच्या वह्या असतील त्यांनीं त्या वाळवीपासून जपाव्या, व नकला करून घेण्यास मंडळास द्याव्या, अशी आमची त्यांस विनंति आहे. पावसाळ्यापूर्वीं कोळंबानें घर झांकतांना माळ्यावरील दप्तरहि एकदां उघडून उन्हांत घालावें.